वर जाताना लागते, खाली येताना नाही

प्रिय दादा,

पत्र बघून तुला वाटेल, ह्याचा फोन बिघडला की डोकं. दोन्ही बरे आहेत. पण फोनवर मी बोलायला लागलो की तू ‘मुद्द्याचं बोल’ म्हणतोस, आणि मुद्दा माझ्या हाताला लागायच्या आत तुझ्या गाडीची वेळ होते. मागच्या खेपेला तर मी आल्याच्या तुकड्यापर्यंत आलो होतो आणि तू फोन ठेवलास. कागदाला असं करता येत नाही. फार तर तू तो खिशात कोंबशील, आणि खिशातला कागद माणूस कधी ना कधी बाहेर काढतोच. हे पत्र तुमच्या डेपोच्या त्या जाड्या कंडक्टरकडे देतोय, ज्याला तुम्ही सगळे मामा म्हणता. तो खालच्या, घाट उतरून आमच्या गावाला येणाऱ्या गाडीवर असतो म्हणून बरं. त्याला सांगितलंय, दादा स्टिअरिंगवर असताना देऊ नका, जेवल्यावर द्या.

आधी माझी खबर देऊन टाकतो, म्हणजे ती मधे मधे येणार नाही. पोस्टर चिकटवायचं काम सुटलं. मालकाला भिंतीवर सरळ पोस्टर हवी होती आणि माझी सगळी तिरकी जायची. आता मी गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या धुतो. कमरेला दोर बांधून आत उतरायचं, लांब दांड्याच्या ब्रशनं घासायचं, आणि वर झाकणाच्या भोकातून मुकादम डोकावून विचारतो, आहेस का रे. टाकीत नुसतं खाकरलं तरी चार जण खाकरल्यासारखं वाटतं, म्हणून मी आत गातो. मुकादम म्हणतो, गाऊ नकोस, पाणी नासेल. काम वाईट नाही, पण किती दिवस टिकेन ते विचारू नकोस. एका जागी राहिलो की मला मुंग्या येतात, पायाला नाही, आख्ख्या मला. वहिनी बरी आहे. दवाखान्याच्या धुलाईखान्यात तिला आता इस्त्रीच्या मोठ्या रोलरवर घेतलंय. चादर एका बाजूनं ओली जाते, दुसऱ्या बाजूनं ताठ होऊन बाहेर येते, आणि ती पकडायचं काम वहिनीचं. मनगटावर एक चटका आहे, लहानसा. तू विचारणार नाहीस म्हणून मीच सांगितलं.

तर मुद्दा खारूचा. तुझ्या लेकीला गाडी लागते हे काही नवीन नाही. नवीन एवढंच, की मी ह्या गोष्टीवर इतका विचार केलाय की नववीत शाळा सोडली नसती तर आज पुस्तक लिहिलं असतं. तू आणि वहिनी वेगळे राहायला लागल्यापासून तिला घाटावर तुझ्याकडे न्यायचं आणि परत आणायचं काम माझ्याकडे आलं. तू खाली येत नाहीस, वहिनी वर जात नाही, आणि रिकामटेकडा एकच आहे. दर वेळी तेच होतं. स्टँडवरून जीपनं निघताना ही पोरगी गालात काहीतरी भरून बडबडत असते, खारच ती, आणि पहिल्या चार-दोन वळणांत गप्प होते. मग पांढरी पडते, मग पिशवी. कधी घाटातल्या टपरीवरूनच आम्ही परत फिरलो, कारण ती रस्त्याच्या कडेला आडवी झाली आणि उठेना. कधी पोचलो, तर तुझ्या खोलीतल्या खाटेवर दिवसभर भिंतीकडे तोंड करून झोपली. तू तिच्यासाठी बाहुल्यांचं पुस्तक आणलं होतंस ते उघडलंसुद्धा नाही. आणि संध्याकाळी परत निघालो की हीच पोरगी घाट उतरताना बिस्किटं खाते आणि गाणी म्हणते. तू एकदा आम्हाला सोडायला आला होतास तेव्हा हे तुझ्या डोळ्यांनी बघितलंस. जीप हलली तशी ती हसायला लागली आणि तू हात वर केलेला तसाच खाली घेतलास.

गेल्या खेपेला डेपोच्या नळावर तू तिची पिशवी धूत होतास. मला म्हणालास, आता नको आणत जाऊ तिला. मी म्हटलं, अरे गाडी लागते पोरीला, त्यात काय. तू म्हणालास, माझ्याकडे येतानाच लागते, जाताना नाही लागत. तोंडानं काहीही म्हणो, पोटातून नको म्हणते ती, पोट खोटं बोलत नाही. मग नळ बंद केलास. तो नळ नीट बंद होत नाही, वायसर गेलाय, तो बदलून घ्या. मी भांडायला कच्चा नाही हे तुला माहीत आहे, पण ह्या एका वाक्याला मला कुठून हात घालायचा तेच कळेना.

औषधांच्या मागे तर मी त्याच्या कितीतरी आधीपासून लागलो होतो. बाटलीतल्या नाही, त्यांनी ती दिवसभर झिंगल्यासारखी पडून राहते आणि वहिनीला ते आवडत नाही. साधी, घरातली. आल्याचा तुकडा मीठ लावून जिभेखाली. लिंबू अर्धं कापून नाकाशी. पुदिन्याची पानं चुरगाळून रुमालात. लवंग दाढेत. मनगटाच्या आतल्या बाजूला तीन बोटं खाली अंगठ्यानं दाबत राहायचं, हे मला एका न्हाव्यानं सांगितलं, दाढी करताना, आणि दाखवण्यासाठी त्यानं वस्तरा गालावर तसाच ठेवून माझं मनगट धरलं. मानेवर ओलं फडकं. संत्र्याची साल. काहीजण म्हणतात उपाशीपोटी न्या, काहीजण म्हणतात रिकाम्या पोटी अजिबात नेऊ नका, कोरडा पाव द्या. मग मी काय करायचं? मी पाव अर्धा दिला. पहिल्यांदा मी सगळे उपाय एकदम केले. खारूच्या तोंडात आलं आणि लवंग, नाकाशी लिंबू, मानेवर फडकं, एक मनगट माझ्या हातात. जीपमधली एक बाई म्हणाली, पोरीला गाडी लागलीय की तुम्ही लोणचं घालताय तिचं. त्या दिवशी ती नेहमीपेक्षा लवकर ओकली.

वहिनी मला म्हणाली, अरे शहाण्या, एका वेळी एक करून बघ, म्हणजे कळेल तरी कशानं गुण येतो. आम्ही तसं केलं आणि इथूनच माझं डोकं फिरायला लागलं. एका रविवारी फक्त आलं. वर जाताना आल्याचा काही उपयोग झाला नाही, उलट तेच आधी बाहेर आलं. खाली येताना त्याच आल्याचा दुसरा तुकडा दिला, एकदम गुणकारी, पोरगी टवटवीत. पुढच्या खेपेला लिंबू. वर जाताना फुकट, खाली येताना रामबाण. पुदिन्याचंही तेच. दादा, मी जेवढी औषधं केली तेवढी सगळी घाट उतरताना चालतात आणि चढताना एकही चालत नाही. औषधाला दिशा असते का? हा प्रश्न मी मेडिकल दुकानवाल्याला विचारला. तो म्हणाला, उंचीनं कानात दडा बसतो त्यामुळे होतं. पण कानात दडा तर उतरतानाही बसतो, माझा बसतो. मग मला वाटलं सकाळी होतं आणि संध्याकाळी होत नाही, म्हणजे उन्हाचं काहीतरी असेल. एकदा दुपारी नेलं. दुपारीही झालं. म्हटलं, कपड्यांचं असेल, जाताना ती तो लोकरीचा घट्ट गळ्याचा स्वेटर घालते. काढून टाकला. तरी झालं, वर सर्दी झाली ती वेगळीच.

वहिनीच्या खोलीशेजारी ती नर्स राहते ना, रात्रपाळीची, जी सकाळी दात घासत जिन्यात उभी असते. तिला सांगितलं तर तिनं तोंडातला फेस थुंकून विचार केला आणि म्हणाली, पोरं अशीच असतात, जिथं जायचं नसतं तिथं जाताना पोट दुखतं, ताप येतो, शाळेच्या दिवशी बघा. मी वहिनीकडे बघितलं. ती कपडे वाळत घालत होती, तिनं एक चिमटा तोंडात धरला होता, आणि तो तिनं बराच वेळ काढला नाही. नर्स आत गेल्यावर म्हणाली, मी पोरीला काही शिकवलेलं नाही, तुझ्या दादाला वाटत असेल तर वाटू दे. मी म्हटलं, दादा असं काही म्हणाला नाही. हे खोटं नव्हतं, तू वहिनीचं नावही घेतलं नाहीस. पण खरं सांगतो, त्या रात्री मलाही वाटायला लागलं की तू आणि नर्स बरोबर असाल. मी खारूला आडून आडून विचारलं, बाबांकडे जायला आवडतं का गं? ती म्हणाली, हो. मी म्हटलं, खरं? ती म्हणाली, काका, तू दोनदा का विचारतोस? मी तिला एक शेंगदाणा दिला आणि विषय संपवला.

तुला आठवतं का, तू गाडी शिकत होतास तेव्हा घरी खुर्चीवर बसून जेवणाचं ताट दोन्ही हातांनी धरून वळवायचास? मी मागच्या स्टुलावर, तुझा पॅसेंजर. मला पुढं तुझ्या शेजारी बसायचं असायचं आणि तू बसू द्यायचा नाहीस. म्हणायचास, ड्रायव्हरच्या घरच्यांनी मागं बसायचं, आपलं माणूस शेजारी असलं की नजर रस्त्यावर राहत नाही. नियम आधी केलास, लायसन्स नंतर मिळालं. नोकरी लागल्यावरही तू तो पाळलास. वहिनी नवी नवरी म्हणून तुझ्या गाडीनं आली तीही मागच्या सीटवर, पोत्यांच्या शेजारी. हे मला आता का आठवलं ते पुढं येईल. किंवा असंच आठवलं असेल, माझं काही सांगता येत नाही.

गेल्या रविवारी मी तू नको म्हटलेलं असूनही खारूला घेऊन निघालो होतो. तुला न सांगता. पुढं जे झालं ते सांगायच्या आधी तुला एक गोष्ट माहीत पाहिजे. वर जाताना जीपमध्ये मी कधीच आत बसत नाही. जीप इथून भरूनच निघते, पुढची सीट जीपवाल्याच्या कायमच्या गिऱ्हाइकांची, ती त्यांनी जणू बापाकडून लिहून घेतलीय. आम्हाला मिळतात त्या शेवटच्या आडव्या फळ्या, एकमेकांच्या गुडघ्यात गुडघे घालून बसायच्या, आणि काचांना काळा कागद. मी खारूला तिथं दाराजवळच्या कोपऱ्यात बसवतो आणि स्वतः मागच्या पायरीवर उभा राहतो, एका हातानं वरचा कॅरियर धरून, दुसरा लागेल तसा आत घालून, तोंडावर वारा घेत. मला तेच आवडतं. पायरीवर उभं राहिलं की टपावरून पुढचा सगळा रस्ता दिसतो. पण त्या दिवशी घाटाच्या पायथ्याला तपासणी होती. जीपवाला मला म्हणाला, हिरो, आज लटकायचं नाही, साहेब उभे आहेत, आत ये. मी कसाबसा खारूच्या शेजारी घुसलो, अर्धा तिच्यावर, अर्धा कुणाच्या तरी कोबीच्या गोणीवर.

आणि दादा, मला गाडी लागली. मला, ज्यानं झोपाळ्यावर उलटा लटकून जेवण केलंय. पहिल्या वळणाला वाटलं कोबीचा वास असेल. दुसऱ्याला तोंडात पाणी सुटलं. समोरच्या माणसाच्या शर्टाची बटणं सोडून दुसरं काही दिसत नव्हतं, आणि जीप कुठल्या बाजूला वळणार ते आधी अंगाला कळायचं आणि मग डोक्याला. मी डोळे मिटले तर आणखी वाईट. खारूनं माझ्याकडे बघितलं आणि तिला लगेच समजलं. म्हणाली, काका, तोंड कडू झालं का? मी मान हलवली. मग त्या पोरीनं काय करावं? खिशातून लिंबू काढून माझ्या नाकाशी धरलं. माझं मनगट घेऊन आपल्या इवल्याशा अंगठ्यानं दाबलं, चुकीच्या जागी. म्हणाली, लांब श्वास घे, मला सांगतोस ना तसा. आल्याचा तुकडा स्वतःच्या तोंडातून काढून मला देत होती, ते मी नको म्हटलं. काही उपयोग झाला नाही. मी पिशवीत ओकलो आणि तिनं माझं कपाळ धरलं. तिचा तळहात माझ्या अर्ध्या कपाळालाही पुरत नव्हता. मला धरता धरता तिलाही झालं. कोबीवाला पाय वर घेऊन बसला. जीपवाल्यानं टपरीपाशी गाडी थांबवून आम्हाला दोघांना खाली उतरवलं आणि म्हणाला, आजपर्यंत भाचे-पुतणे बघितले, काका-पुतणीचा जोडीनं कार्यक्रम पहिल्यांदाच बघतोय. लोक हसले. खारूही हसली, नाकातून.

आम्ही रस्त्याकडेच्या मोरीच्या कठड्यावर बसलो. टपरीवालीनं तोंड धुवायला पाणी दिलं. मी म्हटलं, खारू, तुला दर वेळी असंच होतं का गं? ती म्हणाली, हो, तुला तर माहीत आहे. मला माहीत नव्हतं दादा, मला फक्त दिसत होतं. मी म्हटलं, मग खाली येताना का होत नाही? तिनं माझ्याकडे असं बघितलं जसा मी अगदीच बुद्धू आहे. म्हणाली, खाली येताना आपण पुढं बसतो ना. आणि खरंच, संध्याकाळी वरून जीप रिकामी निघते, जीपवाल्याला पेंग येते, तो म्हणतो या पुढं, गप्पा मारा, आणि आम्ही दोघं त्याच्या शेजारी. समोर आख्खी काच. खारू म्हणाली, पुढं बसलं की वळण आलं की मी आधीच त्या बाजूला झुकते. मागं ते अचानक येतं. एवढंच. एवढ्या साध्या गोष्टीवर मी आलं-लिंबाचा बाजार केला, नर्सनं पोरीच्या मनाचा तळ काढला, तू नळावर ते वाक्य बोललास, आणि वहिनीनं तोंडात चिमटा धरला. तू आयुष्यभर पुढं बसलास, मी बाहेर लटकलो. आपल्यापैकी कुणाला मागची फळी काय असते तेच माहीत नव्हतं.

पण आता आणखी ऐक, हे ऐकून मी पुन्हा गोंधळलो. मी तिला म्हटलं, मग आपण बाबांच्याच गाडीनं जाऊ या की, बाबांना सांगू पुढं बसव म्हणून. तिचा चेहरा बदलला. म्हणाली, बाबांची गाडी नको. मी म्हटलं, का? ती पायानं खडे ढकलत राहिली. मग म्हणाली, बाबांची गाडी घाण होते. ती लहान होती, तू खालच्या गाडीवर होतास, तेव्हा ती तुझ्या बसमध्ये मागं ओकली होती, तुला आठवत असेल. डेपोत गेल्यावर तू बादली घेऊन स्वतः सगळी गाडी धुतलीस आणि ती बाकावर बसून बघत होती. बाबा काहीच बोलले नाहीत, ती म्हणाली. रागावले पण नाहीत, नुसती गाडी धुतली. आणि आता तुझ्या खोलीवर जातो तेव्हा तू ती यायच्या आधी खाटेवर आणि खाली फरशीवर वर्तमानपत्रं पसरून ठेवतोस. मला वाटायचं हे तू तिच्या फ्रॉकसाठी करतोस, परत ओकली तर कपडे खराब होऊ नयेत म्हणून. तिला वाटतं तुझी खाट खराब होऊ नये म्हणून. ती त्या कागदांवर दिवसभर हालचाल न करता झोपते, दादा, भिंतीकडे तोंड करून. हललं की कागद वाजतो.

तू का बोलला नव्हतास त्या दिवशी, मला माहीत नाही. तू तसाही बोलत नाहीस. मी मात्र मोरीवर बसून तिला काहीतरी सांगायला सुरुवात केली, की बाबांना गाडीपेक्षा तू, वगैरे, आणि मधेच टपरीवालीचं मांजर आलं, खारू तिकडे धावली, आणि मला बरं वाटलं, कारण पुढं काय म्हणणार होतो ते मला माहीत नव्हतं. ते सांगायचं काम माझं नाहीच. तिथून वर जायचं की खाली, ते ठरेना. वर जाणाऱ्या जीपवाल्याला म्हटलं पुढं जागा दे, तो म्हणाला मास्तर बसलेत, त्यांना उठवू का. मास्तरांनी वर्तमानपत्र वर केलं. मग खाली येणाऱ्या जीपनं परत आलो, पुढं बसून, आणि पोरगी घरी येईपर्यंत गात होती. म्हणजे बघ, पुढं बसून वर गेल्यावर काय होतं ते आम्हाला अजून माहीत नाही. नर्सला सांगितलं तर ती म्हणते, हे तुमचं समाधान आहे. असेलही. कदाचित सीटचं थोडं असेल आणि कागदाचं थोडं असेल. रात्री अंथरुणात मी एका कुशीवर तुझ्या बाजूचा होतो आणि दुसऱ्या कुशीवर खारूच्या. वहिनीला सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, त्याला कळवून तरी टाक.

आणि मी कळवलं नसतं इतक्यात. मी म्हटलं असतं, अजून दोन-चार रविवार बघू, पक्कं काय ते ठरू दे, तोवर मला दुसरं काम मिळालं असतं आणि मी कुठंतरी गेलो असतो. पण काल मामा भेटला. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही हे तुम्हाला डेपोत माहीत असूनही तुम्ही त्याला सगळं सांगता. म्हणाला, तुझ्या दादानं समुद्राकडच्या डेपोत बदलीचा अर्ज लिहिलाय, सोमवारी देणार आहे, तिथून मग वर्षाकाठी एकदा भेट झाली तर झाली. म्हणाला, दादा म्हणतो पोरीला त्रास कशाला. दादा, म्हणून हे पत्र. बाकी टाकीचं, मांजराचं, न्हाव्याचं लिहिलं ते लिहिता लिहिता आलं. अर्ज सोमवारी द्यायचा तर दे, तुला अडवणारा मी कोण. पण त्याआधी रविवार आहे. त्या दिवशीची खालची ड्यूटी तू मागून घे, मामा म्हणतो अदलाबदल होते, तोच तुझ्याबरोबर येईल. तू खालची गाडी मुद्दाम घेत नाहीस हे मला कळतं, वहिनीलाही कळतं. रविवारी तिला सुट्टी असते, पण ती स्टँडवर येईल की नाही ते मी विचारलेलं नाही. खारूला मी अजून सांगितलेलं नाही, कारण तू आला नाहीस तर ते मला तिला सांगता येणार नाही. तुझा नियम मला पाठ आहे, ड्रायव्हरच्या घरच्यांनी मागं बसायचं. तो मोडू नको म्हणत नाही, मोडच म्हणतो, एक दिवस. इंजिनशेजारची ती जागा तिला दे आणि घाट चढ. ती ओकली तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही, तू खुशाल समुद्राकडे जा. नाही ओकली तर काय करायचं ते तुम्ही दोघं वरपर्यंत जाताना बोला, मी मागच्या सीटवर बसेन, पिशवी घेऊन. आम्ही नेहमीच्या खांबापाशी उभे राहू. तू खाली उतरायची गरज नाही, काही बोलायची तर नाहीच नाही. फक्त गाडी लागली की पुढचं दार उघड.

तुझाच, अजून तरी ह्याच गावात असलेला,
भिरभिऱ्या